मोजमाप कोणासाठी? टॉर्स्टेन ह्यूसेन यांचे शिक्षणसंशोधन
(शिक्षक, पालक व शाळा व्यवस्थापन समिती सदस्य यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



परीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मूल उभे राहते. उत्तरपत्रिका मुलाची, गुण मुलाचे आणि निकालाच्या दिवशी उतरलेला चेहराही मुलाचाच. तथापि गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जगात परीक्षेचा एक निराळा प्रकार रूढ झाला आहे. तीत मुलांना प्रश्न विचारले जातात. पण कोणी उत्तीर्ण होत नाही की अनुत्तीर्ण होत नाही. कोणा मुलाचे नावही प्रसिद्ध केले जात नाही. तिचा निकाल लागतो तो अभ्यासक्रमाचा, अध्यापनाचा आणि शिक्षणाच्या एकंदर व्यवस्थेचा. ह्या कामाला आंतरराष्ट्रीय अध्ययनमापन असे म्हणतात. हे शास्त्र ज्यांनी उभे केले, त्यांत स्वीडनचे शिक्षणतज्ज्ञ टॉर्स्टेन ह्यूसेन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या कार्याचा परिचय करून घ्यावा आणि त्यातून आपल्या शाळांनी काय घेण्याजोगे आहे ह्याचा विचार करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

ह्यूसेन यांचा जन्म १ मार्च १९१६ रोजी दक्षिण स्वीडनमधील लुंड ह्या विद्यापीठनगरीत झाला. तेथेच त्यांनी मानसशास्त्राचा अभ्यास केला आणि १९४४ साली डॉक्टरेट मिळवली. तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. स्वीडन युद्धात उतरला नव्हता, पण सक्तीच्या लष्करी सेवेमुळे तरुणांची भरती चालू होती. कोणाला कोणत्या कामावर नेमावे हे ठरविण्यासाठी मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या जात आणि त्या कामात ह्यूसेन यांनी काही वर्षे घालविली. म्हणजे त्यांच्या व्यवसायाचा प्रारंभ निवडीच्या चाचणीपासून झाला. निवड करावयाची म्हणजे कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला बाहेर ठेवावयाचे. पुढे ह्याच चाचण्यांनी त्यांना एक असा प्रश्न विचारावयास लावले की, ज्याने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली: बाहेर राहिलेल्यांपैकी किती जण खरोखरच कमी कुवतीचे होते आणि किती जणांना केवळ संधी मिळाली नव्हती?

त्या वेळच्या स्वीडनमध्ये, किंबहुना बहुतेक साऱ्या युरोपात, मुलांची वाटणी फार लवकर होत असे. दहा-अकरा वर्षांच्या वयात काही मुले पुस्तकी शिक्षणाच्या वरच्या शाळांकडे जात आणि उरलेली साध्या प्राथमिक शाळेत राहून पुढे कामाला लागत. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, ती लहानपणीच ओळखता येते आणि म्हणून ही वाटणी न्याय्य आहे, अशी त्यामागची समजूत होती. ह्यूसेन यांनी सैन्यभरतीच्या चाचण्यांचे निष्कर्ष तपासले. उच्च शिक्षण सहज पेलू शकतील असे पुष्कळ तरुण प्राथमिक शाळेनंतर शिक्षणाबाहेर पडलेले आहेत, असे त्यांना आढळले. १९४८ साली त्यांनी ह्या 'बुद्धीच्या राखीव साठ्या'विषयी लिहिले. शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या घरांत देशाची केवढी संपत्ती वापराविना पडून आहे, हे ह्या लेखनामुळे सार्वजनिक चर्चेत आले.

ह्याहून मोलाचा पुरावा त्यांना माल्मो शहराच्या अभ्यासातून मिळाला. १९३८ साली सिव्हेर हालग्रेन ह्या संशोधकाने माल्मोच्या शाळांतील तिसरीच्या सुमारे दीड हजार मुलामुलींची बुद्धिमापन चाचणी घेतली होती. दहा वर्षांनंतर त्यांतील मुलगे विसाव्या वर्षी लष्करी नोंदणीसाठी आले, तेव्हा त्यांची पुन्हा चाचणी झाली. ह्यूसेन यांनी दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी मांडले. दहाव्या वर्षी सारखेच गुण असलेल्या मुलांपैकी जे अधिक काळ शिकले, त्यांचा बुद्धिगुणांक वाढलेला होता. ज्यांचे शिक्षण लवकर थांबले, त्यांचा तसा वाढलेला नव्हता. बुद्धिमान मुले शाळेत टिकतात हे तर सर्वांना ठाऊक होते. शाळेत टिकल्यामुळे बुद्धी वाढते, ही गोष्ट येथे आकड्यांनी दिसून आली. ह्याच दीड हजार जणांचा मागोवा ह्यूसेन व त्यांचे सहकारी पुढे अनेक वर्षे घेत राहिले. सव्वीस वर्षांच्या पाठपुराव्याचा त्यांचा ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला.

स्वीडनच्या संसदेने १९५० साली नऊ वर्षांच्या सामायिक शाळेचा प्रयोग करण्याचे ठरविले. सामायिक शाळा म्हणजे सर्व घरांतील सर्व मुले एकाच शाळेत एकत्र शिकतील अशी व्यवस्था. ह्या योजनेवर मोठा वाद झाला. हुशार मुले मंद मुलांबरोबर बसविली तर हुशार मुलांचे नुकसान होईल, असे विरोधकांचे म्हणणे होते. अशा वादांत दोन्ही पक्ष सहसा आपापल्या मतांवर ठाम राहतात आणि पुरावा कोणीच मागत नाही. येथे मात्र स्टॉकहोम शहरातच तुलना करण्याची संधी आली. शहराच्या दक्षिण भागात नवी व्यवस्था सुरू झाली होती आणि उत्तर भागात लवकर निवड करण्याची जुनीच पद्धत चालू होती. ह्यूसेन यांच्या मार्गदर्शनाखाली नील्स-एरिक स्वेन्सन यांनी पाच वर्षे दोन्ही भागांतील मुलांच्या प्रगतीची तुलना केली. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हुशार मुलांचे कायमचे असे काही नुकसान झाल्याचे दिसले नाही. त्याच वर्षी नऊ वर्षांची सामायिक शाळा साऱ्या देशासाठी कायद्याने मान्य झाली. ती केवळ संशोधनामुळे मान्य झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. राजकीय निर्णय अनेक कारणांनी होत असतात. परंतु ज्या भीतीमुळे पाऊल अडले होते, ती भीती तपासून पाहण्याचे काम संशोधनाने केले, हे खरे.

आता एका देशातून अनेक देशांकडे वळावयाचे. १९५८ साली जर्मनीतील हॅम्बर्ग येथे यूनेस्कोच्या शिक्षणसंस्थेत काही संशोधक एकत्र आले. प्रत्येक देश आपल्या शाळांविषयी बोलताना किती शाळा बांधल्या, किती शिक्षक नेमले, किती मुले पटावर आली हेच सांगतो. ती मुले प्रत्यक्षात काय शिकली हे कोणीच सांगू शकत नाही, ही त्यांची अडचण होती. त्यातून जी संघटना आकारास आली, ती आज आयईए ह्या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. शैक्षणिक संपादणुकीचे मूल्यमापन करणारी ही आंतरराष्ट्रीय संघटना होय. अमेरिकेचे बेंजामिन ब्लूम, रॉबर्ट थॉर्नडाइक यांच्यासारखे अभ्यासक तिच्या उभारणीत होते. ह्यूसेन १९६२ पासून १९७८ पर्यंत तिचे अध्यक्ष होते.

हे काम कसे चालते, हे शिक्षकांनी समजून घेण्याजोगे आहे. प्रथम, कोणत्या वयाची मुले घ्यावयाची? आरंभीच्या अभ्यासांत तेरा वर्षांची मुले निवडली गेली, कारण त्या बारा देशांत जवळजवळ सर्वच मुले शाळेत असण्याचे ते शेवटचे वय होते. त्यापुढच्या वयात शाळेत कोण उरले आणि कोण गळाले, ह्यावरच निकाल फिरला असता. दुसरी गोष्ट नमुन्याची. सर्व मुलांना तपासणे शक्य नसते. म्हणून आधी शाळा आणि मग शाळांतील मुले अशी निवड चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निःपक्षपातीपणे करावी लागते. आपल्या चांगल्या शाळा पुढे केल्या तर सारा खटाटोप वाया जातो. तिसरी गोष्ट भाषेची. एकच प्रश्न अनेक भाषांत नेताना तो सोपा किंवा अवघड होता कामा नये. बर्फावरून घसरणाऱ्या गाडीचे गणित गोव्याच्या किनाऱ्यावरील मुलास घातले, तर त्याचे गणित चुकले की त्याला गाडीच कळली नाही, हे कोणी सांगावे? म्हणून प्रश्नाचे भाषांतर करून ते पुन्हा तपासतात, थोड्या मुलांवर अजमावून पाहतात आणि मगच मुख्य चाचणीत घेतात.

सुरुवातीच्या बारा देशांच्या प्रायोगिक अभ्यासात सुमारे दहा हजार मुलांची चाचणी झाली. त्याचा अहवाल १९६२ साली निघाला. असे काम मुळात करता येते काय, एवढेच त्यातून पाहावयाचे होते. त्यानंतर १९६४ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय गणित अभ्यास झाला. बारा देश, पाच हजारांहून अधिक शाळा आणि सव्वा लाखाहून अधिक विद्यार्थी एवढा त्याचा पसारा होता. त्याचे दोन खंड ह्यूसेन यांच्या संपादनाखाली १९६७ साली प्रसिद्ध झाले. तेरा वर्षांच्या मुलांत जपान आणि इस्रायल वर होते. अमेरिका तळाशी होती आणि तिच्या सोबतीला खुद्द ह्यूसेन यांचा स्वीडन होता.

येथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. ज्या माणसाने आपल्या देशातील शाळासुधारणेचा पुरस्कार केला, त्याच्याच संपादनाखाली त्याच्या देशाचा कमी निकाल जगापुढे आला आणि तो झाकला गेला नाही. त्याबरोबरच तो निकाल कसा वाचावा, हेही त्या अभ्यासाने दाखवून दिले. स्वीडनमधील मूल त्या काळी सातव्या वर्षी शाळेत जाई. त्यामुळे तेराव्या वर्षी त्याच्या पदरी शाळेची वर्षे कमी असत. शिवाय ह्या अभ्यासात शिक्षकांना एक साधा प्रश्न विचारला होता: ह्या गणितात जे विचारले आहे, ते शिकण्याची संधी तुमच्या विद्यार्थ्यांना मिळाली होती काय? जेथे ती संधी मिळाली होती तेथे गुण अधिक होते. 'शिकण्याची संधी' ही कल्पना त्या अभ्यासातून शिक्षणशास्त्रात रुजली. वर्गात जे शिकविलेच नाही, त्याबद्दल मुलाला मठ्ठ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, असा तिचा सरळ अर्थ आहे.

ह्या अभ्यासातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट बाहेर आली. अमेरिकेत बहुसंख्य मुले माध्यमिक शाळेच्या अखेरपर्यंत शिकत. युरोपातील अनेक देशांत निवडक मुलेच तेथवर पोहोचत. सरसकट सरासरी काढली तर साहजिकच निवडक मुलांचे देश पुढे दिसत. परंतु प्रत्येक देशातील त्या वयाच्या सर्वांत वरच्या थोड्या टक्के मुलांचीच तुलना केली, तेव्हा हे अंतर पुष्कळच कमी झाले. सर्वांना दार उघडले म्हणून वरची मुले खाली येत नाहीत, हा माल्मो आणि स्टॉकहोम येथे मिळालेला धडा असा बारा देशांच्या आकड्यांतही दिसला.

भारताचा ह्या कार्याशी संबंध १९७० च्या सुमारास आला. १९७०-७१ मध्ये आयईएने विज्ञान, वाचन, साहित्य, नागरिकशास्त्र आणि परकीय भाषा म्हणून इंग्रजी व फ्रेंच अशा सहा विषयांचा अभ्यास केला. त्यात चिली, इराण आणि थायलंड यांच्याबरोबर भारतानेही भाग घेतला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने हिंदीभाषक राज्यांतील शाळांत मातृभाषेतील वाचन आणि विज्ञान यांच्या चाचण्या घेतल्या. विकसित देशांच्या तुलनेत आपल्या मुलांचे गुण फार खाली होते. त्या वेळी आपल्याकडे शाळा गावोगाव पोहोचविणे हेच मोठे काम होते, हे विसरता येत नाही. तरीही शाळेत जाणे आणि शिकणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही सूचना तेव्हाच मिळालेली होती.

मग गरीब देशांच्या शाळांनी निराश व्हावे काय? ह्या प्रश्नाचे एक उत्तर १९८३ साली मिळाले. स्टीफन हेनमन आणि विल्यम लॉक्सली ह्या संशोधकांनी आयईएच्या आणि अन्य सर्वेक्षणांच्या आधारे २९ देशांची तुलना केली. श्रीमंत देशांत मुलाच्या गुणांवर घरच्या परिस्थितीचा प्रभाव अधिक दिसला. देश जितका गरीब, तितका शाळेचा आणि शिक्षकाचा प्रभाव अधिक दिसला. हा निष्कर्ष सर्व काळी जसाच्या तसा लागू पडतो काय, ह्यावर पुढे वाद झाला. पण त्यातील तथ्य आपल्या अनुभवाच्या बाहेरचे नाही. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरातील मुलाला शाळा हेच पुस्तकाचे घर असते. तेथे शिक्षकाचा एक दिवस वाया गेला, तर त्याची भरपाई करणारे दुसरे कोणी नसते.

ह्यूसेन यांनी आपल्या हयातीत ह्या कामाचा दुरुपयोगही पाहिला. अभ्यासाचा अहवाल निघाला की वृत्तपत्रे पहिला कोण आणि शेवटचा कोण एवढेच छापत. देशादेशांची शर्यत लावणे हा आपला उद्देश नाही, हे ह्यूसेन आणि त्यांचे सहकारी वारंवार सांगत राहिले. तुलना करावयाची ती कारणे शोधण्यासाठी. १९७४ साली त्यांचा 'शिकणारा समाज' ह्या कल्पनेवरील ग्रंथ आला आणि १९७९ साली शाळा ह्या संस्थेचीच चिकित्सा करणारा ग्रंथ आला. १९८५ साली नेव्हिल पोस्टलथ्वेट यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा आंतरराष्ट्रीय शिक्षणकोश संपादित केला. २ जुलै २००९ रोजी वयाच्या त्र्याण्णव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांनी लावलेल्या झाडाचा विस्तार आता फार मोठा आहे. आयईएचा गणित व विज्ञान अभ्यास १९९५ पासून दर चार वर्षांनी होतो आणि वाचनाचा अभ्यास २००१ पासून दर पाच वर्षांनी. विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २००० साली पंधरा वर्षांच्या मुलांसाठी 'पिसा' ही चाचणी सुरू केली. तिच्या २००९ च्या वाढीव फेरीत हिमाचल प्रदेश व तमिळनाडू ही आपली दोन राज्ये उतरली आणि यादीच्या तळाशी राहिली. त्यानंतर २०२२ पर्यंतच्या कोणत्याही फेरीत भारत उतरला नाही. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवरील संपादणूक सर्वेक्षणे मात्र होत आली आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण झाले.

ह्या शास्त्राला आपल्या मातीतून मिळालेली एक देणगीही सांगितली पाहिजे. १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या 'प्रथम' ह्या संस्थेने २००५ साली 'असर' हे सर्वेक्षण आरंभिले. त्यात गावोगाव स्वयंसेवक घरी जाऊन मुलाशेजारी बसतात आणि त्याच्या हाती एक कागद देतात. त्यावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा एक परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट असते. मूल शाळेत जात असो वा नसो, त्याला मोजणीत धरले जाते; कारण चाचणी शाळेत नव्हे, घरी होते. २०२४ च्या फेरीत ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतील सुमारे अठरा हजार गावांत साडेसहा लाखांच्या आसपास मुलांपर्यंत हे काम पोहोचले. पाचवीतील ४८.८ टक्के मुले दुसरीची गोष्ट वाचू शकली, म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना ती वाचता आली नाही. ही पद्धत पाकिस्तान, केनिया, टांझानिया, युगांडा, माली, सेनेगल, मेक्सिको अशा देशांनी आपापल्या परीने स्वीकारली आणि २०१५ साली ह्या सर्वांचे एक आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. मोठमोठ्या संगणकांनी जे दाखवायचे, ते एका कागदाने गावातल्या पालकालाही दाखविता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

आता आपण काय करावे? प्रत्येक गावाला आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण नको आहे. शाळा व्यवस्थापन समितीने वर्षातून दोनदा चार गोष्टी विचारल्या तरी पुष्कळ होईल. पटावरील मुलांपैकी नित्य येणारी किती? तिसरीच्या प्रत्येक मुलाला साधी गोष्ट वाचता येते काय? ज्यांना येत नाही, त्यांना ती शिकण्याची संधी, वेळ आणि पुस्तक खरोखर मिळाले काय? आणि मागच्या वेळेपेक्षा आता काय बदलले? ह्या प्रश्नांची उत्तरे मिळवताना मुलाला लाजवू नये आणि शिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. ताप मोजला म्हणून रोग बरा होत नाही. पण ताप लपविला तर औषधच मिळत नाही. निकाल कमी आला तर तो लपविण्याचा मोह अधिकाऱ्यांना, शिक्षकांना आणि पालकांनाही होतो. तो मोह ज्यांनी टाळला, त्यांच्याच शाळा सुधारल्या आहेत.

ह्या क्षेत्राकडे वळू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी दोन शब्द. हे काम केवळ गणितज्ञांचे नाही. येथे संख्याशास्त्र जाणणारा हवा, तसाच मुलाच्या चुकीत त्याचा विचार ओळखणारा शिक्षकही हवा. एक वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना त्याचे वजन न बदलू देणारा भाषांतरकार हवा आणि पावसात चिखल तुडवीत वाडीवर जाणारा सर्वेक्षकही हवा. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी अशा वातावरणात वाढलेल्या गोमंतकातील वा सीमाभागातील तरुणांना तर ह्या कामाची अर्धी तयारी लहानपणीच झालेली असते. मूल चुकले की भाषा आड आली, हा भेद ते अनुभवाने ओळखू शकतात. शिक्षणशास्त्राची पदवी, संख्याशास्त्राचा पाया आणि काही वर्षे प्रत्यक्ष वर्गात शिकविण्याचा अनुभव, ह्यांतून ह्या क्षेत्राची वाट जाते. जे काम आकडा मिळाला की संपते असे वाटते, ते खरे तर आकड्यामागचे मूल दिसेपर्यंत संपत नाही, एवढे मात्र मनाशी धरूनच ह्या वाटेला लागावे.

ह्यूसेन यांनी आरंभी माणसे निवडण्यासाठी चाचण्या वापरल्या; पुढे त्याच चाचण्यांच्या आधाराने, निवडीच्या नावाखाली किती माणसे गमावली जातात हे त्यांनी आपल्या देशाला दाखवून दिले. मोजमापाचे हत्यार तेच असते. ते कोणासाठी उचलले आहे ह्यावर सारे अवलंबून असते. आपल्या गावातील शेवटच्या बाकावरच्या मुलासाठी ते उचलले जावे, अशी अपेक्षा आहे.